खाडीची बाटली

खाडीच्या पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या गावच्या स्वयंसेवकांत होडी एकट्या गुरुदासकडे होती, म्हणून दर महिन्याला तपासणीची बाटली तोच भरून आणायचा. तीन वर्षं पाणी चोख निघालं. आज मात्र त्या स्वयंसेवकांतल्याच जॅनेटबाई रिपोर्ट घेऊन त्याला जेटीवरच गाठायला आल्या.

“काका, ह्या खेपेक पाण्यात विषारी रसायन गावला.”

गुरुदासला दरदरून घाम फुटला.

“अवो, इतके कित्याक भियातास? खाडीचा पाणी काय कोण पिता?”

तो घराकडे धावत सुटला. नातीची पेज शिजायची वेळ झाली होती. खाडीचं नाव खराब झालं तर आपली मासळी कोण घेणार, म्हणून तीन वर्षं ती बाटली तो घरच्या विहिरीवर भरत होता.