एकमताची पट्टी

“जेवतानासुद्धा हिच्या तोंडून सरकारच बोलतंय,” आई भाकरी थापता थापता पुटपुटली.

शपथविधीलाच प्रत्येक मंत्र्याच्या घशात पट्टी बसवायचे, तशी नंदिनीच्याही बसवली होती. मंत्रिमंडळाने एकदा ठरवलं की त्याविरुद्ध शब्द फुटत नसे. काल लहान गावांतली डायलिसिस केंद्रं बंद करायचं ठरलं होतं. नंदिनीची थोरली बहीण कुमुद गावातल्या केंद्रावरच जगत होती.

“बैठकीत विरोध तरी केलास का गं?” कुमुदने विचारलं.

नंदिनीचे डोळे भरले. तोंडातून निघालं, “हा निर्णय जनहिताचाच आहे.”

“बघ, पोरीला बोलूच देत नाहीत मेले,” आईने पदर डोळ्यांना लावला.

कुमुदने ताट बाजूला सारलं. “पंतप्रधानांकडे राजीनामा दिला की पट्टी त्याच दिवशी काढतात ना? तेवढा शब्द तर ती अडवत नाही. म्हण बघू, मंत्रीणबाई. ‘राजीनामा देते’ म्हण.”

नंदिनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत राहिली. आईने तिला आणखी आमटी वाढली.

“पट्टीला कशाला शिव्या देतेस, आई,” कुमुद म्हणाली. “हिला खुर्ची माझ्यापेक्षा प्यारी आहे.”