लग्नातलं लुगडं

चांद्याचं पडकं नाटकघर दुरुस्त होऊन पुन्हा उघडल्याचं कळलं, तशी मनकर्णा म्हाताऱ्या नवऱ्याला बैलगाडीत घालून ते दाखवायला घेऊन आली. वर्षभरात गुणवंतरावांनी तिला एकदाही ओळखलं नव्हतं. ज्या रंगमंचावर बारा वर्षं राजा गाजवला, तिथं तरी ओळखतील म्हणून ती लग्नातलं हिरवं लुगडं नेसली होती. तेव्हा राणीचं काम करणाऱ्या लटारू नावाच्या गड्याला ती हेच लुगडं नाटकापुरतं देई, एरवी ते पेटीबाहेर निघतच नसे. नव्या सागवानी फळ्यांवर पाय पडताच गुणवंतरावांची वाकलेली पाठ ताठ झाली. त्यांनी तिचा पदर हातात घेतला आणि तिच्याकडे डोळे भरून पाहिलं. “ओळखलं का जी मले?” तिनं विचारलं. “तुले नाई ओळखीन त कोनाले?” ते हसले. “आज झकास काम केलं तू, लटारू! आता लुगडं सोड. घरी माही मनकर्णा जेवाची थांबली असन.”