चौघं लागतील

"चौघं तरी लागतील," पास्टर सहदेव बाप्तिस्म्याच्या टाकीत, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून म्हणाले. माइक चालूच होता. मुलुंडच्या त्या लहानशा प्रार्थनागृहात सगळ्यांनी ते ऐकलं.

टाकीच्या वरच्या पायरीवर अनुपमा उभी होती. अकरा वर्षं ती बाप्तिस्म्यासाठी नाव द्यायची आणि आदल्या दिवशी काढून घ्यायची. पांढरा झगा एकाच मापाचा, तिच्या खांद्यांतच अडकायचा. आणि भिजला की अंगाचं सगळं जगाला सांगायचा. यंदा महिला मंडळाच्या बायकांनी दोन झगे उसवून एक शिवला. खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या दर्शनाने घेरात मासळीच्या जाळ्याचं शिसं टाचलं, झगा पाण्यावर फुलून पाय उघडे पडू नयेत म्हणून. "देवाने तुला नीट माप घेऊनच घडवलंय गं," दोरा दाताने तोडत ती म्हणाली होती. "शिंपीच येडा आहे."

आज मागे फिरले तर पुन्हा कधीच नाही, हे अनुपमाला माहीत होतं. ती उतरली.

चार पुरुष पँटी दुमडून मागोमाग उतरले. तिचा नवरा हर्षद पहिल्या बाकावर टॉवेल घेऊन बसला होता. तो उठला नाही.

"मागे झुका, भगिनी." चौघांनी पाय रोवले, दंड आवळले. वजन आलंच नाही. माहेरी आलेल्या लेकीला आईने पोटाशी घ्यावं, तसं पाण्याने तिला अलगद वर धरलं. सबंध बुडल्याशिवाय बाप्तिस्मा होत नाही. पास्टरांनी खांदे दाबले, तर पाय वर आले. पाय दाबले, तर पोट.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग बाकच्या बाक हसले.

"अरे, दाबा ना नीट!"

"दाबतोय ना पास्टर, सटकतायत त्या!"

हर्षदने टॉवेल तोंडाला लावला. त्याचे खांदे गदगदत होते.

दर्शना धावत टाकीच्या काठाशी आली, गुडघ्यांवर बसली. "अनुपमा, इकडे बघ. गुडघे दुमड. छातीतली हवा सगळी सोडून दे. जाशील बघ खाली. यांची गरज नाय तुला."

अनुपमाने डोळे मिटले. "हात काढा," ती म्हणाली. "सगळ्यांनी."

हात निघाले. बुडबुडे आले. तिचा चेहरा गेला, मग केस. पास्टरांनी घाईघाईने पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं. ते संपलं तरी ती वर येईना. हसणं थांबलं.

आली, तेव्हा मंडळाच्या बायकांचा हालेलुया छताला लागला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. ती पायऱ्या चढू लागली. एकेका पायरीला पाणी अंगावरून उतरत गेलं आणि वजन परत येत गेलं: आधी खांद्यांवर, मग कमरेवर, मग गुडघ्यांत.

हर्षद टॉवेल घेऊन पुढे आला. "झालं ना एकदाचं?" तो हळूच म्हणाला. "आता तरी रात्रीचा भात बंद कर."

एकच पायरी उरली होती. अनुपमा त्याच पायरीवर बसली. पाय पाण्यात.

"भगिनी, टाकी मोकळी करा," पास्टर म्हणाले. "पुढचे थांबलेत."

ती उठली नाही. दर्शना साडीनिशी तिच्याशेजारी येऊन बसली. दुसऱ्या बाजूला मंडळातल्या जानकीबाई बसल्या, दुखरा गुडघा हाताने उचलून. पायरी भरून गेली.

पास्टर आणि ते चौघं कमरेएवढ्या पाण्यात उभेच राहिले. वर यायला वाट तेवढीच होती.