नखभर फट

"नाही," बाबा म्हणाले.

ती शाफ्टला ग्रीस लावत होती. बाळ आत्ताच झोपलं होतं. म्हणजे हाताशी फार तर चाळीस मिनिटं. तेवढ्यात रिमोटवर चालणाऱ्या छोट्या बोटीचा मागचा भाग जुळवायचा होता. आत मोटर, तिला जोडलेला वळलेल्या तारेचा लवचिक शाफ्ट, तो जिच्यातून जातो ती पितळी नळी, आणि नळीच्या टोकाला, तिला धरून ठेवणाऱ्या आधाराच्या पलीकडे, पाणी कापणारा पंखा. बाकीची बोट बाबांनीच केली होती. रंगाचे दोन हातही देऊन झाले होते. एवढंच राहिलं, आणि आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. तोंडात एकच शब्द उरला.

चहा घेणार? नाही. आणि कप रिकामा. खिडकी उघडू? नाही. आणि वारा लागला की समाधानाने डोळे मिटायचे. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, "शब्दावर जाऊ नका. मनात काहीही असलं तरी बाहेर तोच येतो." तेव्हापासून घराने तो शब्द ऐकणं सोडून दिलं. भाऊ तर फोनवर हसायचा, "ताई, बाबा नाही म्हणाले ना? मग झालं, एकमताने मंजूर!"

शुश्रूषा केंद्राचंही असंच मंजूर झालं होतं. तिची रजा संपली होती. नवरा महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. बाळाचं आणि बाबांचं करता करता एकदा तर औषध दोघांपैकी कुणाला पाजलं, हेच तिला आठवेना. त्या दिवशी तिने केंद्रात फोन केला. खोली मिळाली. उद्या सकाळी न्यायचं होतं. "बाबा, राहाल ना तिथे?" तिने विचारलं होतं. "नाही." तिने बॅगेत त्यांचे लोकरीचे मोजे भरले.

जायच्या आधी त्यांनी आपली बोट पाण्यात धावताना बघावी, एवढंच तिच्या मनात होतं.

तिने शाफ्ट नळीत सरकवला. मोटरखाली कागदाच्या घड्या घालून ती वर घेतली, खाली घेतली. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नसले तर सगळं थरथरतं, एवढं तिला फिटरची लेक म्हणून ठाऊक होतं. मग मागून पंखा दाबला, थेट आधाराला टेकेपर्यंत, आणि स्क्रू आवळला. कसं चिकटून बसलं!

"नाही. नाही!" बाबांनी डावा हात पुढे केला. पंखा आणि आधार यांच्यामध्ये ते अंगठ्याचं नख खुपसू लागले.

"अहो बाबा, बोट कापेल." तिने त्यांचा हात हळूच बाजूला केला, नखातलं ग्रीस पुसलं.

"नाही." आता त्यांचे डोळे भरून आले होते.

"झालं हं, झालं," ती म्हणाली. बाळाला म्हणायची त्याच सुरात. बटण दाबलं. पंखा हवेत गरगर फिरला, खरखर नाही की थरथर नाही. "बघा! लोण्यासारखा."

बाबांनी मान फिरवली.

दुपारी ती दोघांना घेऊन बागेतल्या तळ्यावर गेली. बाळ कडेवर, बाबा चाकाच्या खुर्चीत. बोट झोकात निघाली. तिने वेग वाढवला. बोटीने नाक उचललं, आणि ती एकदम कर्कश किंचाळली. धुराची एक रेघ निघाली. तळ्याच्या मधोमध बोट आडवी होऊन थांबली.

शेजारी स्वतःची छोटी बोट चालवणाऱ्या म्हाताऱ्याने आपल्या बोटीने ती ढकलत ढकलत काठाला आणून दिली. उलटी करून पाहिली.

"पंखा टेकवून बसवलात होय? अहो, हा वळलेल्या तारेचा शाफ्ट. पाण्याचा जोर आला की पीळ बसतो आणि तो आखूड होतो. मागे नखभर फट सोडावीच लागते, नाहीतर पंखा आधारावर ओढला जातो." त्याने खुर्चीतल्या बाबांकडे, त्यांच्या हातावरच्या जुन्या कारखानी डागांकडे पाहिलं. "यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली.

मग तिला ते आठ महिने आठवू लागले. एकेक करून. चहाचं जाऊ दे. पण त्या निळ्या गोळीला म्हटलेल्या 'नाही'चं? मोठा दिवा मालवण्याचं? आणि त्या बॅगेचं?

ती खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. बाळाने आजोबांचं बोट पकडलं.

"बाबा, उद्या जायचंय तुम्हाला तिथे? तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मी ऐकतेय."

बाबांनी बाळाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहिलं, सकाळपासून उलटा घातलेल्या कुडत्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ वाकडे झाले, थरथरले, पुन्हा जुळले. कपाळावर घाम आला. कितीतरी वेळ लागला.

"हो," ते म्हणाले.

वडिलांना खोटं बोलताना तिने पहिल्यांदाच ऐकलं.