वरवंटा

कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली कायमचा कोंडता येईल का, हे तपासायला वैदेहीने वैरागजवळ दगडाबाईंच्या रानात बोअर मारलं होतं. वायू कोंडायचा तर त्यावरचा खडक झाकणासारखा अखंड हवा. नाहीतर तो पहिल्यांदा बाईंच्याच विहिरीत वर येणार. बोअरमधून निघालेले दगडाचे गोल दांडे तिने पेटीत ओळीने मांडले होते. आज मात्र नेमका झाकणाच्या थरातला एक दांडा गायब होता आणि त्या जागी लाकडी ठोकळा होता. तेवढा दगड हाती लागलाच नाही, अशी ती खूण. "सर, काल इथं दांडा होता. त्याला भेग होती." "दगडच नाही तर भेग कुठली?" शेजारी उभे असलेले तिचे साहेब हसले. "फोटो काढ आणि पाठवून दे. वर सगळं ठरलंय." तेवढ्यात दगडाबाई बांधावरून आल्या आणि त्यांनी पदराखालून एक दांडा काढला. "ताई, ह्यो तुमचा हाय का? सायबानं बांधाला टाकला व्हता. वरवंटा म्हणून घरी नेला, पर शेंगाची चटणी वाटली तर फटीत तिखट बसलंय की. धुतलं तरी निघंना." काळ्या दगडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक रेघ उमटली होती. साहेबांचं हसू मावळलं. "निदान घासून तरी घे." वैदेहीने ठोकळा उचलून ढेकळांत भिरकावला, दांडा त्याच्या जागी बसवला, रेघ वर येईल असा फिरवला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. "सर, तुमची सावली पडतेय. बाजूला व्हा."