डबीतली वीज

नेरेइदाला रेडिओ दुरुस्तीचं वेड लागलं होतं. दुपारी सांता क्लारातली वीज गेली, तोपर्यंत वडिलांचा बिघडलेला जुना रेडिओ चालू असूनही मुकाच होता. संध्याकाळी मेणबत्ती लावून तिने तो उघडला. आत हात घालणार, तोच थोरल्या बहिणीने मनगट पकडलं. “हात मागे, बये!” “ताई, प्लग काढलाय. गावातच वीज नाही, भितेस कुणाला?” धक्का छातीतून जाऊ नये म्हणून ताईने एक हात पाठीमागे घेतला. दुसऱ्या हाताने तारा जोडलेला एक बल्ब घेऊन त्याची एक तार रेडिओच्या पत्र्याला अडकवली आणि दुसरी आतल्या कपॅसिटरच्या डबीच्या टोकाला टेकवली. बल्ब लख्ख पेटला, अख्खी खोली उजळवून विझला. “ही डबी वीज गिळून बसते,” ताई म्हणाली. “तुला एका घासात संपवलं असतं.” उजेड पाहून गल्लीत आरोळी उठली, “दिवे आले!” नेरेइदा शाबूत बोटांकडे बघत राहिली. “गेलेच नव्हते,” ती पुटपुटली. “इथे दबा धरून बसले होते.”