एकाच ताटात

उपचाराचे चाळीस दिवस संपले, तरी यशवंत खराडेंच्या रक्तातली प्रतिपिंडं कमी झाली नव्हती. बायकोची किडनी बसवली असती, तर या प्रतिपिंडांनी ती परकी म्हणून मारून टाकली असती.

"काकू, दोघं गोळी चघळून जेवत होतात ना? तुमची ओळख लाळेतून काकांच्या पोटात जायला हवी," डॉक्टर बोराडे म्हणाल्या.

"एकाच ताटात जेवलो. एक दिवस चुकवला नाही," मंदाकिनी म्हणाल्या.

"आधी कोण?"

"आधी हेच. आजारी माणसाला उष्टं कसं वाढू?"

डॉक्टरांनी मंदाकिनींचं रक्त तपासलं. त्यांचं शरीर आता नवऱ्याचा कुठलाही अवयव आपला म्हणून घेणार होतं.

"पुन्हा चाळीस दिवस. डायलिसिसवर काकांचे तेवढेच दिवस निघतील."

दुपारी मंदाकिनी आधी ताटावर बसल्या. यशवंत समोर थांबले.

"तुम्ही बघत बसलात की घास उतरत नाही."

यशवंतांनी पाठ फिरवली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. तिला जेवायला किती वेळ लागतो, हे त्यांना माहीत नव्हतं.